बिल्ला नंबर, ‘बी’ फॉर्म आणि खदानीवरचं घर
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, वणी आणि नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातल्या बंद कॉलऱ्यांविषयी (कोळसा खाणींविषयी) आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं खाण-सर्वेक्षण आणि कामगार-नोंदींच्या कामात मुरलेल्या मंडळींची आहेत.

प्रश्न : आजोबा बल्लारपूरच्या कॉलरीत लोडर होते. १९६० च्या आसपास लागले, राष्ट्रीयीकरणानंतर काही वर्षांनी निवृत्त झाले. घरात त्यांचा एक पितळी बिल्ला आणि पी.एफ.ची फाटकी स्लिप, एवढंच उरलंय. त्यांची नोंद कुठे मिळेल? (एक वाचक, बल्लारपूर)

उत्तर : शोध स्लिपपासून सुरू करा, बिल्ल्यापासून नको. बिल्ला हाजरीचा आणि बत्तीघराचा, म्हणजे दिवे देण्या-घेण्याच्या खोलीचा. माणूस खाली उतरला की त्याचा बिल्ला खुंटीवर, वर आला की परत हातात. म्हणजे आत किती जण आहेत ते एका नजरेत कळायचं. माणूस काम सोडून गेला की तोच नंबर दुसऱ्याला मिळे. त्यामुळे बिल्ल्याच्या नंबरावरून शोधणारा पुष्कळदा भलत्याच माणसाच्या नोंदीवर जाऊन पोचतो.

पी.एफ.चा क्रमांक मात्र माणसाचा असतो. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९४८ चा, मुख्य कार्यालय धनबादला, विभागीय कार्यालय नागपूरलाही आहे. स्लिपवरचा क्रमांक अक्षरं आणि तिरप्या रेघांसकट जसाच्या तसा उतरवून घ्या. कागद फाटका असेल तर आधी सरळ उजेडात एक आणि बाजूच्या तिरप्या उजेडात एक असे दोन फोटो काढा. लॅमिनेशन करू नका. गरम प्लास्टिकखाली फिकट शाई कायमची जाते.

दुसरा दस्तऐवज म्हणजे नमुना ‘बी’चं रजिस्टर. खाण नियम, १९५५ प्रमाणे प्रत्येक खाणीला कामगारांचं हे रजिस्टर ठेवावंच लागे. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव-ठाणं-जिल्हा, अंगावरची खूण, रुजू तारीख, काम, सही किंवा अंगठा, असं सगळं त्यात असतं. हाजरी वेगळी : जमिनीखालच्यांची ‘सी’त, खुल्या खाणीतल्यांची ‘डी’त, वरच्या कामाची ‘ई’त. हाजरीची रजिस्टरं फारशी उरत नाहीत, ‘बी’ उरतं. आजोबांबद्दल एकच कागद मिळवायचा असेल तर तो हाच.

आता अडचणी. खासगी मालकांकडच्या बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणी सरकारने १९७३ च्या जानेवारीअखेर ताब्यात घेतल्या आणि १ मेपासून राष्ट्रीयीकरण झालं. त्या धांदलीत काही ठिकाणी रजिस्टरं नव्याने लिहिली गेली, तेव्हा रुजू तारीख १९७३ ची दिसली तर लगेच ‘हे आपले आजोबा नव्हेत’ असं ठरवू नका. नावांचा घोळ त्याहून मोठा. लिहिणारा बाबू हिंदी बोलणारा असेल तर ‘विठोबा’चा ‘बिठोबा’ होतो, आडनाव गळून बापाचं नाव तिथे बसतं, वय तर अंदाजानेच टाकलेलं असतं. म्हणून नुसतं नाव शोधू नका. बापाचं नाव, मूळ गाव आणि अंगावरची खूण हे त्रिकूट जुळतं का ते पाहा. आजोबांच्या कपाळावर किंवा हातावर व्रण होता का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा.

अर्ज माहिती अधिकाराचा करा. इथल्या खाणी चालवणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स लि.) ही कोल इंडियाची उपकंपनी, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली. शुल्क १० रुपये. मजकूर साधारण ५०० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. ‘आजोबांची माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ या एका ओळीवर काम संपतं. त्याऐवजी ठराविक कागद मागा : ‘अमुक कॉलरीचं सन १९५८ ते १९७५ मधलं नमुना बी रजिस्टर पाहण्याची परवानगी व संबंधित पानाची प्रत द्यावी. रजिस्टर नसल्यास ते कोणत्या खाणीकडे वा क्षेत्रीय कार्यालयाकडे वर्ग झालं किंवा कोणत्या आदेशाने नष्ट केलं, त्या कागदाची प्रत द्यावी.’ हे दुसरं वाक्य सोडू नका. खाण बंद झाली की दप्तर शेजारच्या चालू खाणीत किंवा एरियाच्या कार्यालयात जातं आणि मूळ नावाने कुणाला सापडत नाही. स्वतः जाऊन रजिस्टर पाहायला पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये; प्रतीचे पानाला २ रुपये. प्रत मागण्यापेक्षा पाहणी मागावी, कारण चुकलेल्या स्पेलिंगचं नाव घरच्याच डोळ्यांना ओळखू येतं.

‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर अपिलात कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला ती सबब पुरत नाही. सोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. आजी हयात असतील तर याच क्रमांकावर १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना किंवा १९९८ ची कोळसा खाण पेन्शन योजना लागू होती का, हेही निधी कार्यालयाला वेगळ्या अर्जाने विचारा. दोन्ही गोष्टी एका अर्जात घातल्या की दोन्ही अडकतात.

प्रश्न : घुग्गुसला प्लॉट घ्यायचा आहे. सातबारा स्वच्छ आहे. खाली जुनी अंडरग्राउंड खदान आहे की नाही हे कसं ओळखायचं? चंद्रपूरच्या लालपेठ भागातूनही असंच पत्र आलं आहे. (दोन वाचक)

उत्तर : ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात जमीन खचून एक अख्खं घर खाली गेलं, तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो. रास्तच आहे.

सातबारा स्वच्छ असणं इथे पुरेसं नाही. कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ खाली सरकार जमीन घेऊ शकतं, तसे जमीन न घेता नुसते खाली खणण्याचे हक्कही घेऊ शकतं. तशा वेळी वरची जमीन मालकाच्याच नावावर राहते आणि नाव बदललेलं दिसत नाही. म्हणून सातबाऱ्याबरोबर ‘इतर हक्क’ आणि जुने फेरफार पाहाच, पण निर्णय त्यावर घेऊ नका.

खरी माहिती खाणीच्या नकाशात असते. वेकोलिच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या सर्व्हे विभागाला गट नंबर आणि गावनकाशाची प्रत जोडून लेखी विचारा : इथे कोणता थर काढला, जमिनीपासून किती खोलीवर, नुसत्या गॅलऱ्या (बोगदे) पाडल्या की पिलरही (मधले कोळशाचे खांब) काढले, वाळू भरली का, काम कोणत्या साली थांबलं, आणि सर्वात जवळची पिट (खाणीत उतरायची उभी विहीर) किंवा इन्क्लाइन (उतरती वाट) किती मीटरवर आहे. बंद खाणीचे नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडेही द्यावे लागतात; त्यांचं मुख्यालय धनबादला, कार्यालय नागपूरलाही आहे. तोंडी ‘काही नाही हो, बांधा’ याला किंमत नाही.

उत्तर आलं की ते वाचायचं कसं? आपल्याकडच्या भूमिगत खाणी बहुतेक बोर्ड-अँड-पिलर पद्धतीच्या. आधी उभ्याआडव्या गॅलऱ्या पाडायच्या, मध्ये कोळशाचे चौकोनी खांब ठेवायचे. १९५७ च्या कोळसा खाण नियमांप्रमाणे खोली ६० मीटरपर्यंत असेल आणि गॅलरी ३.६ मीटर रुंद असेल तर एका पिलरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत निदान १५ मीटर; गॅलरी ४.८ मीटरची असेल तर १९.५ मीटर. पहिल्या मापाने हिशेब केला तर थरातला सुमारे ४२ टक्के कोळसा निघतो आणि ५८ टक्के पिलरच्या रूपात उभा राहतो. नंतर डिपिलरिंग करून पिलर काढले की छत मागे पडत जातं. ती कोसळलेली जागा म्हणजे गोफ.

लोकांचा समज नेमका उलटा असतो. पिलर काढले म्हणजे जास्त धोका, असं वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण डिपिलरिंग झालेली जागा बशीसारखी बसते, पण बरीचशी लवकर बसते आणि मग बहुतेक शांत होते. वाळू नीट भरलेली जागा त्याहून बरी. सगळ्यात फसवी जागा म्हणजे उथळ खोलीवरच्या, पिलर तसेच ठेवून सोडलेल्या रिकाम्या गॅलऱ्या. चौकाच्या ठिकाणी, म्हणजे दोन गॅलऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे, छताचा ताण सर्वात जास्त. तिथून एकेक थर खाली गळतो, पोकळी वर सरकत जाते, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात अंगणात विहिरीएवढं भोक पडतं. वर खडक जाड असला तर पडलेला राडारोडा फुगून पोकळी आपोआप भरते. वर नदीगाळ किंवा मऊ वालुकाश्म असला, तर तो पाण्याबरोबर खाली वाहतो आणि पोकळी भरतच नाही. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर पुष्कळ ठिकाणी कामठी थराचा पाणी धरणारा वालुकाश्म आहे, ही गोष्ट इथे विरुद्ध जाते.

बोअर मारून बघणारे एक चूक हमखास करतात. एकच बोअर मारतात, कोळसा लागतो, आणि ‘खाली भरीव आहे’ म्हणून निर्धास्त होतात. वरच्या हिशेबाने एक बोअर पिलरवर बसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. निदान चार बोअर हवेत, तेही सारख्या अंतरावर नकोत. १५ मीटरच्या पटीत मारले तर चारही पिलरवरच बसू शकतात. जमिनीत रडार सोडून पाहणारी यंत्रं काळ्या चिकण मातीत फार खोल जात नाहीत, त्यांच्या रंगीत अहवालाला भुलू नका.

घर आधीच बांधलं असेल तर पाणी आवरा. शोषखड्डा, पाऊसपाणी मुरवायचा खड्डा, फुटलेली नळाची पाइप, हे सगळं मातीला खाली वाहायला वाट करून देतं. अशा वस्तीत पाऊसपाणी मुरवू नये, नालीने दूर न्यावं. दारं-खिडक्या एकाएकी घट्ट होणं, अंगणात गोलाकार भेग, विहिरीचं पाणी अचानक उतरणं, थंडीत भेगेतून कोमट वाफ, यांतलं काहीही दिसलं तर माणसं बाहेर काढा, जागेभोवती दोर बांधा, तहसीलदार आणि खाण व्यवस्थापनाला लेखी कळवा. खड्डा पडल्यावर त्यात मलबा टाकायला ट्रक काठावर आणणं हा तर आत्मघात. दिसणाऱ्या तोंडापेक्षा आतली पोकळी रुंद असते.

प्रश्न : आमची आजी सांगायची, ‘मी खदानीत खाली उतरून टब भरले.’ बायकांना खाली बंदी होती ना? मग ती खरं सांगत होती का? (एक वाचक, परासिया)

उत्तर : खरं असू शकतं, फक्त साल पाहावं लागेल. १९२९ च्या नियमांनी जमिनीखाली काम करणाऱ्या बायकांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करायला लावली आणि १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली. त्याआधी नवरा कोळसा पाडायचा आणि बायको टोपलीने टबात (रुळांवरच्या छोट्या डब्यात) भरायची, ही जोडीची पद्धतच होती. बंदीने घरातली निम्मी मजुरी गेली. पुढे महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठवली, आणि ती सर्वात आधी मध्य प्रांतात उठली. त्या वेळी मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर टीका झाली तेव्हा हा तात्पुरता उपाय आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूमही १९४४ चाच. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

म्हणजे आजी १९३७ च्या आधी किंवा १९४३ ते जानेवारी १९४६ या काळात कामाच्या वयाची असेल तर तिचं म्हणणं बसतं. नंतरचं साल असेल तर ती बहुधा वर, चाळणीवर किंवा वॅगन भरायला रेजा (मजूर बाई) होती. ‘टब भरले’ हे दोन्ही कामांना लागू पडतं, तेव्हा घरच्यांनी तिला खोटं पाडायची घाई करू नये. तिच्या बोलण्यात ‘बत्ती’, ‘डिप’ (उताराकडचा भाग), ‘छत बोलणं’ (पडण्याआधी छताचा आवाज होणं) असे शब्द होते का ते आठवा. चाळणीवर काम करणारीच्या तोंडी ते सहसा येत नाहीत.

प्रश्न : माळ्यावर एक पितळी दिवा सापडला, जाळी-काचेचा. सोबत डबीत राखाडी खडे आहेत. दिवा चिंचेने घासून शोकेसमध्ये ठेवू का? (एक वाचक, कामठी)

उत्तर : चिंच नको, लिंबू नको, पितांबरी पण नको. आम्लाने पितळेवरची जुनी झाक जाते आणि ठोकलेले आकडे पुसट होतात. कोमट पाणी, थोडा साबण, जुना मऊ दातांचा ब्रश, आणि लगेच कोरडं करणं, बस. आकडे वाचायचे असतील तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने हलकं घासा.

हा गॅस तपासायचा दिवा आहे. सरदार किंवा ओव्हरमनकडे, म्हणजे खालच्या कामावर देखरेख करणाऱ्यांकडे असायचा. ज्योत बारीक करून छतापाशी नेली की मिथेन असेल तर ज्योतीवर निळसर टोपी दिसे. साधारण सव्वा टक्क्याला ती जेमतेम दिसू लागते, आणि त्याच टक्केवारीला माणसं बाहेर काढायचा नियम. काचेच्या वरच्या पोलादी जाळ्या दोन आहेत का पाहा. त्या धुऊ नका, गंजतात. कोरड्या ब्रशने झटकून मशीनचं तेल हलकं लावा. कुलपाच्या जागी शिशाचा खिळा असेल तर तो उपटू नका, दिवा खाली उघडला गेला नाही याची ती खूण होती. हात मात्र धुवा. दिवा पेटवून पाहण्याचा मोह टाळा.

राखाडी खडे बहुधा कार्बाइडचे, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, उघड्या ज्योतीच्या दिव्याचे. पांढरी भुकटी झाली असेल तर तो चुना. खडे टणक असतील तर पाणी लागताच ॲसिटिलीन सुटतो. डबी घरात उघडू नका, मोरीत ओतू नका, जवळ विस्तव नको. कोरड्या हाताने, उघड्यावर.

प्रश्न : वरोऱ्याला कॉलरी होती म्हणतात. गावात कुणाला जागा नीट सांगता येत नाही. (एक वाचक, वरोरा)

उत्तर : होती, आणि सरकारीच होती. वर्धा-वरोरा रेल्वे १८७० च्या दशकात या कोळशासाठीच टाकली. तिचं नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे. १९०६ मध्ये कॉलरी बंद झाली आणि भर बल्लारपूरकडे सरकला. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशाह जोडलं गेलं तेव्हा हाच कोळशाचा फाटा दिल्ली-मद्रास रेल्वेमार्गाचा भाग झाला. कॉलरी पाहिलेली पिढी केव्हाच संपली, म्हणून तोंडी माहिती मिळत नाही. १९०९ चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर आणि भूवैज्ञानिक ह्यूजेस यांचा वर्धा खोऱ्यावरचा १८७७ चा अहवाल पाहा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. मग जुन्या एक इंची (मैलाला एक इंच) नकाशावर रेल्वेच्या सायडिंगची रेघ शोधा. कॉलरी पुसली जाते, सायडिंगची माती उंच राहते.

प्रश्न : बंद खदानीतलं पाणी एवढं धोक्याचं का मानतात? (एक विद्यार्थी, सावनेर)

उत्तर : हिशेब करून बघ. १० हेक्टर क्षेत्र, ३ मीटर जाडीचा थर, ४० टक्के कोळसा काढलेला. पोकळी झाली १ लाख २० हजार घनमीटर, म्हणजे १२ कोटी लीटर पाणी. पाण्याची उंची दर १० मीटरला चौरस सेंटीमीटरमागे सुमारे एक किलोचा दाब. ५० मीटर पाणी उभं असेल तर ही बंद खदान आणि शेजारची चालू खाण यांच्या मधली कोळशाची भिंत किती जाड आहे यावर सगळं अवलंबून, आणि ती जुन्या नकाशावर जेवढी दिसते तेवढी असेलच असं नाही. मालक बदलताना नकाशे अपुरे राहिले, शेवटच्या महिन्यांत काढलेला कोळसा नकाशावर चढलाच नाही, असं होतं.

छिंदवाडा पट्ट्यातल्या न्यूटन चिखलीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी घुसून ६३ कामगार गेले. नागपूरजवळ सिलेवाड्यात १८ नोव्हेंबर १९७५ ला १० गेले. सव्वा महिन्यात धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसून त्याहून फार मोठी दुर्घटना घडली आणि सिलेवाडा लोकांच्या लक्षातून गेला.

म्हणून १९५७ च्या नियमांत (त्यांची जागा २०१७ मध्ये नव्या नियमांनी घेतली) जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, असं होतं. परवानगी मिळाली तरी फेस (जिथे खणणं चालू आहे ते तोंड) २.४ मीटरहून रुंद वा उंच नको, मध्यभागी पुढे एक बोअर, दोन्ही अंगांना पाच-पाच मीटरच्या आत बोअर, आणि बोअर नेहमी फेसच्या निदान ३ मीटर पुढे. तीन मीटर हा किमान आकडा होता. दाब जास्त असेल तर तेवढ्यावर कुणी शहाणा ओव्हरमन थांबत नसे.

प्रश्न : गावाबाहेरच्या जुन्या कोळशाच्या ढिगातून पहिल्या पावसानंतर धूर येतो. पाणी मारलं तर वाढतो. काय करावं? (एक वाचक, राजूर, ता. वणी)

उत्तर : पाणी मारणं थांबवा. वर्धा खोऱ्यातला कोळसा हवेतला प्राणवायू घेऊन आपोआप तापतो. कोरडा कोळसा ओला होतानाही उष्णता सुटते, आणि पाण्याने भुकटी वाहून गेली की हवेला नवी वाट मिळते. आधी वास ओळखा : नुसता ओलसर-कुबट आहे तोवर तापणं चालू आहे, रॉकेल-डांबरासारखा झाला की आत पेटलंय.

ढीग लहान असेल तर यंत्राने पसरवून एक मीटरपेक्षा कमी जाडीचा करा, गार होऊ द्या, रोलर फिरवा आणि वर निदान ३० सेंटीमीटर चिकण माती दाबून बसवा. बाजूचे उतार आधी झाका. हवा पायथ्यातून शिरते, माथ्यातून धूर निघतो, आणि लोक माथ्यावर माती टाकत बसतात. मोठा ढीग असेल तर गावाने हात लावू नये, माथा आतून जळून पोकळ असतो आणि माणूस कमरेपर्यंत आत जातो. ढिगावरचा कोळसा शेगडीसाठी उचलून आणणाऱ्यांनी तो घरात साठवू नये. आणि बंद खोलीत ती शेगडी रात्रभर ठेवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.